प्रेक्षकाची साक्ष



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘बेसबॉल’ हा शब्द पाहून आपल्यापैकी काहींना ती छापखान्याची चूक वाटली असेल. तशी ती नाही. चालकांनी मला कामगार कायद्यांवर बोला असे सांगितले होते. मी म्हटले, त्या विषयावर मी वर्षाचे तीनशे दिवस बोलतो. गेटवर बोलतो, साहेबांपुढे बोलतो, घरीही बोलतो अशी पत्नीची तक्रार आहे. तेव्हा एक संध्याकाळ मला दुसरे काही बोलू द्या. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला. आता त्याचे फळ आपणाला भोगावयाचे आहे.

पण विषय निवडताना मी फार लांब गेलो आहे असे मला वाटत नाही. माझी शाळा दहावीला सुटली. इंग्रजी मी शिकलो ते रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, औद्योगिक विवाद कायद्याचे पुस्तक समोर आणि शब्दकोश शेजारी ठेवून. पुढे लवादाचे निवाडे वाचण्याचा नाद लागला. कुणाला रहस्यकथांचा लागतो, मला निवाड्यांचा लागला. अशात १९७५ सालच्या डिसेंबरातला अमेरिकेतला एक निवाडा वाचनात आला. पीटर साइट्झ नावाच्या लवादाने ठरवले होते की, एकदा करार केलेला बेसबॉलपटू जन्मभर त्याच मालकाचा बांधील राहत नाही. या खेळाडूंची युनियन होती, आणि तिचा प्रमुख मार्विन मिलर हा पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला माणूस होता! आपल्या बिरादरीचा माणूस मैदानावर काय करतो आहे हे पाहावे म्हणून मी गेलो, आणि मैदानावरच रमलो. बाकीचे लोक या खेळात तिकिटाच्या खिडकीने शिरतात. मी लवादाच्या दाराने शिरलो.

खेळ थोडक्यात सांगतो. क्रिकेट आपणा सर्वांना येते, म्हणून त्याच भाषेत सांगतो. एक चौकोन कोपऱ्यावर उभा केला आहे असे समजा. चार कोपऱ्यांवर चार ठिकाणे, एकापासून दुसरे ९० फुटांवर. त्यांना बेस म्हणतात. फलंदाज एका कोपऱ्यावर उभा राहतो आणि ६० फूट ६ इंचांवरून गोलंदाज त्याच्याकडे चेंडू फेकतो. टप्पा नाही, चेंडू सरळ येतो. फलंदाजाने तो मारावा आणि चारही कोपरे फिरून घरी यावे, म्हणजे एक धाव. चेंडू वरच्यावर झेलला तर तो बाद. जमिनीवरून अडवून त्याच्याआधी पहिल्या बेसवर पोचवला तर बाद. तीन चांगले चेंडू हुकले तरी बाद. उलट गोलंदाजाने चार चेंडू बाहेर टाकले, तर फलंदाजाला पहिला बेस फुकट. तीन बाद झाले की बाजू बदलते. असे नऊ डाव, म्हणजे एका संघाचे एकूण २७ बाद. हा सत्तावीसचा आकडा कृपा करून लक्षात ठेवावा; पुढे त्यावर बरेच अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत आवडली. या खेळाचा जुना, मुरलेला प्रेक्षक मांडीवर पुठ्ठा आणि हातात पेन्सिल घेऊन बसतो आणि सामना स्वतः लिहून घेतो. प्रत्येक फलंदाजासाठी एक चौकट, आणि कोण कसा बाद झाला याच्या ठरलेल्या खुणा. या लेखनपद्धतीला वळण लावणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडातला, आणि धंद्याने वार्ताहर. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्याच्या काही खुणा आजही चालतात. मैदानावर अधिकृत लेखनिक असतोच; पण प्रेक्षक त्याच्यावर विसंबून राहत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते स्वतःच्या हाताने लिहितो. युनियनच्या माणसाला ही सवय किती प्रिय वाटेल हे आपण समजू शकता. कंपनीचे हजेरीपुस्तक वेगळे आणि आपली डायरी वेगळी, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे न्यू जर्सीला सहा आठवडे होतो. तेवढ्यात न्यूयॉर्कमध्ये चार सामने पाहिले. दुर्मिळ क्षणांवर व्याख्यान द्यायला उभा राहिलेल्या माणसाने खरे सांगावे, तर त्या चारही सामन्यांत दुर्मिळ असे काहीच घडले नाही. शेंगदाणे विकणाऱ्या पोराला दिवसाला काय सुटते याची मी चौकशी करू लागलो तेव्हा मुलीने डोळे वटारले, एवढीच काय ती घटना. परंतु एका सामन्याला माझ्या शेजारी एक म्हातारा, निवृत्त बसचालक, पुठ्ठा घेऊन बसला होता. त्याच्याजवळ चाळीस वर्षांची अशी पाने घरी आहेत असे तो म्हणाला. मी विचारले, मग काय काय पाहिलेत? तो हसला. म्हणाला, आयुष्यात एकदाच, एका चेंडूवर तिघे बाद होण्याचा प्रकार माझ्या समोर घडला, आणि नेमका त्या क्षणी मी खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकलो होतो. मग पानावर काय लिहिलेत? तर म्हणे, शेजाऱ्याला विचारून खुणा भरल्या, पण चौकटीच्या कडेला एक लहान टिंब दिले. हे टिंब त्याने स्वतःपुरते ठरवलेले होते. त्याचा अर्थ: मी हे पाहिलेले नाही, ऐकलेले आहे.

श्रोतेहो, गेली पंचवीस-तीस वर्षे मी कारखान्यांतल्या डोमेस्टिक इन्क्वायऱ्यांत कामगारांच्या बाजूने बसतो आहे. साहेबांच्या आणि आमच्याही साक्षी मी शेकड्यांनी ऐकल्या. एवढे टिंब देण्याइतका प्रामाणिकपणा त्यांत किती जणांनी दाखवला, हे मोजायला माझ्या हाताची बोटे पुरून उरतील.

आता सत्तावीसकडे येऊ. एका गोलंदाजाने समोरच्या संघाचे २७ फलंदाज ओळीने बाद केले, एकालाही कोणत्याच कारणाने पहिल्या बेसवर पोचू दिले नाही, तर त्याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. आपण निष्कलंक सामना म्हणू. अमेरिकेच्या वरिष्ठ साखळीत दोन लाखांहून अधिक सामने झाले आहेत. एका संघाचे एका मोसमात १६२ होतात, तेव्हा या आकड्याचे नवल नाही. त्यांत १८८० च्या पहिल्यापासून २०२३ च्या जूनपर्यंत असे निष्कलंक सामने झाले फक्त २४. म्हणजे रोज मैदानावर जाणारा माणूसही बहुधा तो न पाहताच मरतो. शिवाय त्याची जाहिरात होत नाही. अंतिम सामना कधी आहे हे तिकिटावर छापलेले असते. आज निष्कलंक सामना आहे असे कुठेही छापलेले नसते.

तरी एकदा हे दोन्ही एकत्र आले. ८ ऑक्टोबर १९५६, न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीजमधला पाचवा सामना, समोर ब्रुकलिनचा डॉजर्स संघ. गोलंदाज डॉन लार्सन. हा काही थोरामोठ्यांतला गोलंदाज नव्हे. तीन दिवसांपूर्वीच, हाती सहा धावांची आघाडी असताना त्याचा ताल सुटला आणि दुसऱ्याच डावात त्याला उठवून बसवले होते. त्या दिवशी त्याने ९७ चेंडू टाकले आणि २७ जण परत पाठवले. सत्ताविसावा डेल मिचेल. क्वचितच हुकणारा अशी त्याची ख्याती. शेवटचा चेंडू त्याने सोडला, आणि बेब पिनेली या पंचाने तो चांगला ठरवून त्याला बाद दिले. चेंडू बाहेर होता असे मिचेल जन्मभर सांगत राहिला. यष्टिरक्षकाच्या जागी असलेला योगी बेरा धावत जाऊन लार्सनच्या अंगावर लहान मुलासारखा चढला, ते छायाचित्र आपणांपैकी काहींनी पाहिले असेल. मैदानावर त्या दिवशी ६४,५१९ माणसे होती.

त्यांपैकी दोघांचीच गोष्ट सांगतो. एक सोळा वर्षांचा पोरगा प्रेक्षकांत होता, जो टॉरे. आणि डॉजर्स संघाच्या बाकावर, त्या दिवशी खेळायला न मिळालेला डॉन झिमर बसला होता. बेचाळीस वर्षांनी, मे १९९८ मध्ये, त्याच मैदानावर डेव्हिड वेल्सने निष्कलंक सामना टाकला, तेव्हा यांकी संघाचा व्यवस्थापक होता जो टॉरे आणि त्याच्या शेजारी सहायक म्हणून होता डॉन झिमर. हा वेल्स आणि लार्सन सॅन डिएगोच्या एकाच शाळेत शिकलेले. पुढच्या वर्षी १८ जुलै १९९९ रोजी योगी बेराचा सत्कार होता. म्हाताऱ्या लार्सनला बोलावले होते. त्याने सामन्याआधी बेराकडे मानाचा एक चेंडू टाकला आणि तो प्रेक्षकांत जाऊन बसला. मध्येच पाऊस आला, खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि डेव्हिड कोनने ८८ चेंडूंत सत्तावीस जण ओळीने बाद केले! टॉरे आणि झिमर पुन्हा बाकावर होतेच. हे मी एखाद्या कादंबरीत वाचले असते तर लेखकाला दोष दिला असता.

याच्या उलट नशीब हार्वे हॅडिक्सचे. २६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्गच्या या गोलंदाजाने, तोही सर्दीने बेजार असताना, नऊ डावांत सत्तावीस बाद केले आणि तो थांबू शकला नाही, कारण त्याच्या संघालाही एक धाव काढता आली नव्हती. दहावा, अकरावा, बारावा डाव. छत्तीस फलंदाज आले आणि छत्तीस गेले. असे ना त्यापूर्वी घडले होते, ना त्यानंतर घडले. तेराव्या डावात त्याच्याच सहकाऱ्याकडून चेंडू फेकताना चूक झाली आणि मग जो अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणापार मारला. त्यातही गोंधळ असा की, पुढे असलेल्या हँक आरनला चेंडू आतच पडला असे वाटून तो मधूनच निघून गेला, आणि धावा मोजता मोजता सामना अखेर १-० असा नोंदला गेला. पुढे १९९१ साली एका समितीने व्याख्या नव्याने बांधल्या, तेव्हा हॅडिक्सचे नाव त्या मानाच्या यादीतून निघाले. नियमाने ते बरोबरही असेल. पण त्या रात्री मिलवॉकीत जी एकोणीस हजार माणसे बसली होती, त्यांनी पाहिले ते कोणत्या समितीने कसे काढून घ्यावे?

आता ज्या सामन्यासाठी मी हा सगळा पसारा मांडला, तो सांगतो. २ जून २०१०, डेट्रॉइट. मोटारींचे गाव, आणि मोटार कामगारांच्या युनियनचेही. आदल्याच वर्षीच्या जूनमध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि हजारो घरांतली चूल मंदावली होती. मैदानावर १७,७३८ लोक. गोलंदाज आर्मांडो गालारागा, व्हेनेझुएलाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण. काही आठवड्यांपूर्वीच खालच्या संघातून वर आणलेला, म्हणजे आमच्या भाषेत टेम्पररी. समोर क्लीव्हलँड. त्याने चोवीस बाद केले. शेवटच्या डावात पहिल्याच फलंदाजाने चेंडू मधल्या कुंपणाकडे उंच मारला, आणि ऑस्टिन जॅक्सन पाठमोरा धावत जाऊन खांद्यावरून येणारा तो चेंडू झेलून मोकळा झाला. असा झेल सापडला की प्रेक्षकांना वाटू लागते, आज दैव आपले आहे. सव्विसावाही गेला.

सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. त्याने चेंडू जमिनीवरून उजवीकडे मारला. मिगेल काब्रेराने पुढे होऊन तो अडवला, गालारागा स्वतः पहिल्या बेसकडे धावला, काब्रेराने चेंडू त्याच्याकडे फेकला, त्याने घेतला, पाय बेसवर ठेवला. डोनाल्ड अजून एक पाऊल मागे होता. जिम जॉइस हा वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेला, नावाजलेला पंच दहा-बारा फुटांवर उभा होता. त्याने दोन्ही हात आडवे पसरले. नाबाद.

क्षणभर कुणाला कळेना. काब्रेराने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आणि गालारागा हसला. ते हसू चित्रफितीत आहे, मी ते अनेकदा पाहिले. त्यात उपरोध नाही, राग नाही. तो परत जागेवर गेला, पुढच्या फलंदाजाला बाद केले आणि सामना ३-० असा जिंकला. पुस्तकात मात्र लिहिले गेले, निष्कलंक नाही.

जॉइसने खोलीत जाऊन चित्रफीत पाहिली. पाहिल्यावर त्याने काय केले? पत्रक काढले नाही, वकिलाला विचारले नाही, ‘त्या कोनातून मला तसे दिसले’ असेही म्हटले नाही. या पोराचा निष्कलंक सामना मी घालवला असे त्याने वार्ताहरांना सांगितले आणि गालारागाला बोलावून रडत त्याची क्षमा मागितली. गालारागाने त्याला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सामना होता, आणि फलंदाजामागे उभे राहण्याची पाळी जॉइसचीच होती. नको असेल तर येऊ नका असे त्याला सुचवले होते, तो आला. सामन्याआधी संघाची यादी पंचाकडे न्यावयाची असते. डेट्रॉइटच्या जिम लेलँड या व्यवस्थापकाने ती गालारागाच्या हाती पाठवली. जॉइसने यादी घेतली, डोळे पुसले, त्याच्या खांद्यावर थाप मारली. प्रेक्षकांतून थोडे दुस्वास करणारे आवाज आले, पण टाळ्या जास्त होत्या. ज्या गावातली माणसे चुका करणाऱ्या बड्या साहेबांना वर्षभर पाहत होती आणि ज्यांतल्या कुणी ‘चुकलो’ म्हटलेले त्यांनी ऐकले नव्हते, त्या गावाने टाळ्या वाजवल्या. याच वेळी जनरल मोटर्सने गालारागाला एक लाल मोटार भेट दिली, तेही सांगून टाकतो. कंपन्यांना मोका बरोबर समजतो.

प्रश्न उरला पुस्तकाचा. सर्वाधिकारी कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय फिरवायला नकार दिला. पुष्कळ शहाण्या माणसांना तो नकार योग्य वाटला: एक निर्णय फिरवला तर उद्या शंभर फिरवावे लागतील. हे वाक्य माझ्या फार ओळखीचे आहे. पर्सोनेल मॅनेजरच्या टेबलापलीकडून मी ते इतक्यांदा ऐकले आहे की, झोपेतही म्हणून दाखवीन. माझे मत असे की सेलिग चुकले. तो निर्णय फिरवल्याने दुसरे काहीही बदलत नव्हते. पुढचा फलंदाज बाद झालाच होता, धावा त्याच राहत होत्या, निकाल तोच राहत होता. एक अठ्ठाविसावी चौकट तेवढी पुसावयाची होती. आणि ज्याने निर्णय दिला तोच चुकलो म्हणतो आहे! आमच्याकडे चौकशी अधिकाऱ्याने स्वतःच चूक कबूल केली आणि शिक्षा तरीही कायम राहिली, तर आम्ही दुसऱ्या दिवशी कामगार न्यायालयाच्या पायरीवर उभे असू. २०१४ पासून अशा निर्णयांची चित्रफीत तपासण्याचा नियम आला. गालारागाला त्याचा उपयोग झाला नाही.

जॉइसबद्दल एक गोष्ट अजून सांगतो, कारण ती फार जणांना ठाऊक नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या मैदानावर सामन्याआधी आत जात असताना उपाहार विभागातली एक कामगार बाई कोसळली. जॉइसने छातीवर दाब देऊन तिचा श्वास टिकवला, ती वाचली. त्यानंतर तो त्याच संध्याकाळी पंच म्हणून उभा राहिला.

आतापर्यंत मी सांगितलेले क्षण पाहताक्षणी कळणारे होते. पण एक दिवस असा आहे की, त्या दिवशीच्या पानावर तुम्हाला काहीच सापडणार नाही. १५ एप्रिल १९४७, ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड. जॅकी रॉबिन्सन त्या दिवशी पहिल्यांदा डॉजर्सतर्फे मैदानात उतरला. साठएक वर्षे वरिष्ठ साखळीत काळ्या माणसाला जागा नव्हती. आणि गंमत पाहा, तसा नियम पुस्तकात कुठेही लिहिलेला नव्हता! मालकांचे आपसात ठरलेले होते. न लिहिलेल्या नियमाइतका पक्का नियम नसतो, हे गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या दिवशी प्रेक्षक आले २६,६२३. मैदान भरलेदेखील नव्हते. आलेल्यांत निम्म्याहून अधिक काळे होते असा अंदाज आहे. रॉबिन्सनने एकही चेंडू नीट मारला नाही. सातव्या डावात समोरच्याच्या चुकीमुळे तो बेसवर पोचला आणि पुढच्या फटक्यावर धाव काढून घरी आला; ती धाव आघाडीची ठरली, डॉजर्स ५-३ ने जिंकले. पुठ्ठा घेऊन बसलेल्या माणसाच्या चौकटीत रॉबिन्सनपुढे काय आहे? तीन वेळा बाद, आणि एक धाव. बस्स. आज दर १५ एप्रिलला प्रत्येक संघातला प्रत्येक खेळाडू त्याचा ४२ हा आकडा पाठीवर घालून उतरतो. पण त्या दिवशी जो कुणी कंटाळून सहाव्या डावात उठून गेला असेल, त्याला आपण काय सोडून चाललो हे कोण सांगणार होते?

आपल्याकडेही असा माणूस झाला, आणि याच भागात झाला. पळवणकर बाळू. पूना जिमखान्यावर रोलर ओढणारा, गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा चर्मकार समाजातला नोकर. त्याच्या गोलंदाजीशिवाय साहेबांना हरवता येत नाही हे कळल्यावर पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले. मैदानावर सगळ्यांनी त्याने टाकलेला चेंडू हाताळला, आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात बाळू होता. बळी किती घेतले ते धावफलकात मिळते. ते मातीचे भांडे धावफलकात मिळत नाही. ते कुणीतरी पाहिले आणि सांगितले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

प्रेक्षकाचे वजन किती असते याची दोन उदाहरणे थोडक्यात देतो. एप्रिल २०१५ मध्ये बाल्टिमोर शहरात फ्रेडी ग्रे हा काळा तरुण पोलिसांच्या ताब्यात झालेल्या दुखापतीने मेला आणि शहर पेटले. २९ तारखेचा सामना दरवाजे बंद करून खेळवला गेला. प्रेक्षकसंख्येच्या जागी शून्य छापले. कुंपणापार गेलेले चेंडू रिकाम्या बाकांवर आपटून तिथेच पडून राहिले. पुढे २०२० च्या साथीत असे सामने बरेच झाले, पण तो पहिला. दुसरे उदाहरण ओकलंडचे. तिथल्या मालकाने संघ लास व्हेगासला न्यावयाचे ठरवले, आणि लोक येतच नाहीत हे कारण पुढे केले. तेव्हा प्रेक्षकांनी बहिष्काराऐवजी उलटा बहिष्कार पुकारला! १३ जून २०२३, मंगळवारची संध्याकाळ, त्या मोसमातला सगळ्यांत हरणारा संघ, आणि तरी २७,७५९ माणसे हिरवे सदरे घालून आली. संघ विकून टाका, अशी घोषणा देत त्यांनी मैदान दणाणून सोडले. इतकी वर्षे संघटना बांधतो आहे, पण ‘सगळ्यांनी कामावर या’ असा संप मला कधी सुचला नाही. पंधराच दिवसांनी याच मैदानावर डोमिंगो हर्मानने त्या वेळेपर्यंतचा चोविसावा निष्कलंक सामना टाकला, आणि तो पाहायला जेमतेम साडेबारा हजार लोक होते. शेवटी संघ गेलाच. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तिथला अखेरचा सामना झाला, त्याला सत्तेचाळीस हजारांच्या आसपास लोक आले होते.

आता माझ्या लवादाच्या दाराकडे परत येतो, कारण तिथे एक हिशोब राहिला आहे. एका कारखान्यातली गोष्ट. नाव सांगत नाही. सुपरवायझरच्या अंगावर हात टाकला असा एका कामगारावर आरोप होता. वास्तविक धक्का सुपरवायझरने दिला होता, आणि तो अकरा जणांनी पाहिला होता. चौकशीत अकरापैकी एकच साक्षीला उभा राहिला, झाडू मारणारा कंत्राटी माणूस. बाकीचे दहा वाईट नव्हते. कुणाची मुलगी लग्नाची, कुणाचे घराचे कर्ज. पुढच्या महिन्यात त्या झाडूवाल्याचे कंत्राट संपले ते पुन्हा झाले नाही. मैदानावर पाहिलेले सांगायला छाती लागत नाही, उलट मान मिळतो. मी तेथे होतो असे म्हणणारे, लोक म्हणतात तसे, तिकिटांपेक्षा जास्त निघतात. मालकापुढे सांगायचे असले की तिकिटे उरतात आणि माणसे कमी पडतात.

कर्ट फ्लड हा सेंट लुइस संघाचा नामांकित खेळाडू. १९६९ साली मालकाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकला. फ्लडने कमिशनरना पत्र लिहिले: मी काही विकत देण्याघेण्याची वस्तू नाही, असा त्याचा आशय. मग त्याने दावा लावला. मिलरच्या युनियनने खर्च उचलला. वकील दिला आर्थर गोल्डबर्ग, पूर्वी सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश असलेला आणि त्याआधी पोलाद कामगारांचाच वकील. मे १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात सुनावणी सुरू झाली. फ्लड हरणार होता; १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरलाच, आणि तोवर त्याची कारकीर्द संपली होती. ज्या निवाड्याने मी या खेळाकडे ओढला गेलो, तो त्यानंतर साडेतीन वर्षांनी आला आणि त्याचा लाभ दुसऱ्यांना झाला.

त्या सुनावणीला, ज्यांच्यासाठी तो भांडत होता त्या खेळत्या खेळाडूंपैकी एकही आला नाही. साक्षीला तर नाहीच, मागच्या बाकावर बसायलाही नाही. जे आले ते निवृत्त झालेले होते. हँक ग्रीनबर्ग आला. आणि एक दिवस दार उघडून जॅकी रॉबिन्सन आत आला. वय अवघे एक्कावन्न, पण केस पूर्ण पांढरे झालेले, पाय अधू, मधुमेहाने दृष्टी जात चाललेली. तो साक्षीदाराच्या जागेवर गेला, त्याने शपथ घेतली, आणि मालक खेळाडूला कसे बांधून ठेवतात हे आपण काय पाहिले आणि काय भोगले, तेवढे सांगितले.